पदकाच्या आधी पाणी

१० ऑगस्ट २०२४. पॅरिसजवळच्या वॅर-सुर-मार्न येथील जलक्रीडा केंद्रात ऑलिम्पिकची महिलांची २०० मीटर कॅनो शर्यत रंगली होती. कॅनडाची केटी व्हिन्सेंट आणि अमेरिकेची नेव्हिन हॅरिसन यांच्या बोटी अंतिम रेषेवर जणू एकदमच पोहोचल्या. मग फलकावर वेळ उमटली. केटी ४४.१२ सेकंद, नेव्हिन ४४.१३ सेकंद. एकीला सुवर्ण, दुसरीला रौप्य. दोघींमध्ये अंतर होते सेकंदाच्या शंभराव्या भागाचे. आपली पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

तुम्ही ही शर्यत पाहिली होती का? बहुधा नसेल. आपल्या घरांत ऑलिम्पिक म्हणजे नेमबाजी, कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन आणि आता भालाफेक. पाण्यावरच्या या शर्यतीत भारताची बोट आजवर ऑलिम्पिकला पोहोचलेली नाही, त्यामुळे टीव्हीसमोर बसायचे कारणही आपल्याला मिळालेले नाही. पण आशियाई स्तरावर भारतीय खेळाडूंनी या खेळात पदके मिळवली आहेत. त्यांची कहाणी कळली, की आपल्या गावातल्या तळ्याकडे आणि नदीकडे तुम्ही थोड्या वेगळ्या नजरेने पाहाल.

कयाक कोणती, कॅनो कोणती?

या खेळाचे आंतरराष्ट्रीय नाव कॅनो स्प्रिंट. स्प्रिंट म्हणजे सरळ, शांत पाण्यावर कमी अंतराची वेगवान शर्यत. यात दोन प्रकारच्या बोटी असतात आणि त्या ओळखणे अगदी सोपे आहे.

कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे करून बसतो. त्याच्या हातातल्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे तो पाणी मागे ढकलत जातो. पायाशी एक पट्टी असते, तिने मागचे छोटे सुकाणू हलवून तो दिशा राखतो.

कॅनोमध्ये खेळाडू एका गुडघ्यावर टेकलेला असतो. वल्ह्याला एकच पाते असते आणि तो संपूर्ण शर्यत एकाच बाजूने वल्हवतो. सुकाणू नसते. एका बाजूने वल्हवले तर बोट दुसरीकडे वळणार हे उघड आहे. म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी मनगट किंचित वळवून बोट सरळ ठेवावी लागते. वेग आणि दिशा, दोन्ही एकाच वल्ह्याच्या जोरावर.

बातम्यांमध्ये तुम्हाला के-१, के-२, के-४, सी-१, सी-२ अशी नावे दिसतील. 'के' म्हणजे कयाक, 'सी' म्हणजे कॅनो आणि पुढचा आकडा म्हणजे बोटीत किती खेळाडू आहेत ते.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. ज्याला आपली वर्तमानपत्रे नौकानयन म्हणतात ते रोइंग हा वेगळा खेळ आहे. रोइंगमध्ये वल्हे बोटीला अडकवलेले असते आणि खेळाडू अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. कयाक आणि कॅनोमध्ये वल्हे मोकळे असते आणि खेळाडूचे तोंड पुढे असते. आपण कुठे चाललो आहोत हे त्याला दिसत असते आणि शेजारचा पुढे गेला तर तेही दिसते!

साडेतीन मिनिटांचा कस

ऑलिम्पिकमध्ये आज २००, ५०० आणि १००० मीटरच्या शर्यती होतात. प्रत्येक बोटीला नऊ मीटर रुंदीची स्वतंत्र मार्गिका मिळते. सुरुवातीच्या रेषेवर बोटींची टोके एका यंत्रात अडकवलेली असतात. इशारा होताच ते यंत्र पाण्याखाली जाते आणि सगळ्या बोटी एकाच क्षणी सुटतात. शेजारच्या बोटीच्या लाटेवर आपली बोट टाकून फुकटचा वेग मिळवायला या अंतरांमध्ये परवानगी नाही. आपल्या मार्गिकेत, आपल्याच ताकदीवर जायचे.

एकट्याची कयाक ५.२ मीटर लांब असते, म्हणजे साधारण एका मोठ्या मोटारीपेक्षा जास्त. पण तिचे वजन असते बारा किलोंच्या आसपास, आणि रुंदी इतकी कमी की नवखा माणूस तिच्यात बसल्याबसल्या पाण्यात पडतो. सायकल शिकताना जसा आधी तोल येतो आणि मग वेग, तसेच इथेही आहे. नुसता तोल सांभाळायला शिकण्यात कित्येक आठवडे जातात.

बघणाऱ्याला वाटते की हा दंडांचा खेळ आहे. प्रत्यक्षात ताकद येते पाय, कंबर आणि पाठ यांतून. पाते पाण्यात रोवायचे आणि धड वळवून बोटीला त्या पात्याच्या पुढे ओढायचे. छोट्या अंतरात हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा होते. एक हजार मीटरला जगातले उत्तम खेळाडू सुमारे साडेतीन मिनिटे घेतात. तेवढा वेळ धावपटूसारखी छाती भरून येते आणि तरीही वल्ह्याचा ताल चुकवता येत नाही.

दोघांच्या बोटीत तर हा ताल म्हणजे सर्वस्व. पुढे बसलेला गती ठरवतो आणि मागचा त्याच्या श्वासाशी श्वास जुळवतो. सी-२ मध्ये सहसा एक डावीकडून आणि दुसरा उजवीकडून वल्हवतो. एकाने अर्धा क्षण उशीर केला तरी बोट डुलते, आणि डुलणारी बोट वेग गमावते.

शिकारीच्या बोटीपासून ऑलिम्पिकपर्यंत

कयाक मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते शिकारीची बोट बनवत. कॅनो उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची. भूर्ज झाडाच्या सालीची ती बोट नद्यांमधून माणसे आणि माल नेत असे. एकोणिसाव्या शतकात जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश वकिलाने स्वतःच्या छोट्या बोटीतून युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या आणि १८६६ साली इंग्लंडमध्ये पहिला मोठा क्लब उभा राहिला. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून झाला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकपासून त्याला पदके मिळू लागली.

महिलांना कयाकची दारे १९४८ मध्ये उघडली. कॅनोसाठी मात्र त्यांना टोकियो ऑलिम्पिकपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत थांबावे लागले. केटी आणि नेव्हिन यांची ती चुरस म्हणजे महिलांच्या कॅनोचे अवघे दुसरे ऑलिम्पिक होते.

हांगझोऊचे कांस्यपदक

आता आपल्याकडे येऊ. ३ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या सी-२ १००० मीटर शर्यतीत भारताची बोट होती. बोटीत होते अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम. त्यांनी ३ मिनिटे ५३.३२९ सेकंदांत अंतर कापले आणि तिसरे आले. उझबेकिस्तानला सुवर्ण, कझाकस्तानला रौप्य, भारताला कांस्य.

हे कांस्य किती मोठे होते? आशियाई स्पर्धेत या खेळातले भारताचे पहिले पदक आले होते १९९४ मध्ये, हिरोशिमाला. सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांनी तेव्हा याच प्रकारात कांस्य जिंकले होते. त्यानंतर तब्बल २९ वर्षे पाटी कोरी. हांगझोऊच्या त्या दिवशी दुसरे पदक आले.

सुनील मणिपूरच्या मोइरांगचा. मोइरांग म्हणजे लोकताक सरोवराचा काठ, जिथे पाण्यावर गवताची तरंगती बेटे असतात आणि होडी हे रोजचे वाहन असते. मासेमारीवर चालणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाच्या हाती वल्हे लवकर आले. पण घरची होडी आणि शर्यतीची कॅनो यांत बैलगाडी आणि रेसची सायकल यांच्याइतके अंतर आहे. ते अंतर त्याने प्रशिक्षणातून आणि पुढे सैन्यात भरती होऊन पार केले. अर्जुन उत्तराखंडच्या रुरकीचा. वडील हयात नव्हते आणि आई औषधांच्या कारखान्यात काम करून घर चालवत होती. दोघांची घरे, भाषा, लहानपण सगळे वेगळे. पाण्यावर मात्र दोघांचा ताल एक झाला.

प्राचीची बोट

ग्वाल्हेरच्या प्राची यादवचे नाव कदाचित तुम्ही ऐकले असेल. कंबरेखालच्या अपंगत्वामुळे ती चाकाच्या खुर्चीचा आधार घेते. सुरुवात तिने पोहण्याने केली होती. २०१८ मध्ये प्रशिक्षकांच्या सल्ल्याने ती बोटीकडे वळली आणि भोपाळच्या छोट्या तलावात सराव करू लागली. तीन वर्षांत ती टोकियो पॅरालिम्पिकला पोहोचली. पॅराकॅनो प्रकारात तिथे उतरलेली ती पहिली भारतीय. नुसती उतरली नाही, तर अंतिम फेरीत जाऊन आठवी आली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्याच आशियाई पॅरा स्पर्धेत प्राचीने एक सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले. तिचे पती मनीष कौरव यांनीही त्याच स्पर्धेत कांस्य मिळवले. एकाच घरात तीन पदके! त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीतही प्राचीचे नाव होते.

या खेळाची एक गंमत प्राचीमुळे समजते. जमिनीवर पायऱ्या, उंबरठे, बसची उंच पायरी असे शंभर अडथळे असतात. पाण्यावर ते नसतात. एकदा बोटीत बसले, की पुढचा मार्ग सर्वांना सारखाच सपाट.

पुढारलेले देश पुढे का?

न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनकडे आज आठ ऑलिम्पिक सुवर्णपदके आहेत. जर्मनीच्या बिर्गिट फिशरनेही आठ सुवर्णे जिंकली होती, १९८० ते २००४ अशा चोवीस वर्षांच्या काळात. हंगेरी हा देश तर दर ऑलिम्पिकला या खेळात पदकांच्या रांगेत असतो. हंगेरीची लोकसंख्या एक कोटीही नाही. एकट्या बंगळूरु शहरात याहून जास्त माणसे राहतात.

मग फरक कुठे आहे? पैसा, आयात केलेल्या महागड्या बोटी, तज्ज्ञ प्रशिक्षक, क्रीडाविज्ञान ही कारणे आहेतच. पण त्यांच्याही आधी एक साधी गोष्ट येते. लिसा ज्या पुपुके सरोवरात सराव करते, ते ऑकलंड शहराच्या वस्तीत आहे. चारी बाजूंना घरे आणि मधे स्वच्छ पाणी. हंगेरीत नदीकाठच्या गावांमध्ये क्लब आहेत, जिथे शाळा सुटली की मुले बोट काढतात. चॅम्पियन तिथे हजारो मुलांमधून निवडला जातो. आपल्याकडे मुळात बोटीत बसलेली मुलेच मोजकी आहेत.

आता भारतातल्या यशाची गावे पुन्हा एकदा आठवून पाहा. मोइरांगला लोकताक आहे. प्राचीला भोपाळचा तलाव मिळाला. केरळच्या आलप्पुळाला १९५२ पासून नेहरू चषकाची सर्पनौका शर्यत होते, आणि तिथेच क्रीडा प्राधिकरणाचे जलक्रीडा केंद्र आहे. काश्मीरच्या बिल्किस मीर श्रीनगरच्या दल सरोवरात कयाक शिकल्या आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या खेळाच्या पंचमंडळात बसल्या. जिथे पाणी वापरण्याजोगे राहिले आणि लोकांना खुले राहिले, तिथूनच खेळाडू आले.

मुळा नदी आणि अलसूर तलाव

महाराष्ट्रात या खेळाचे बीज नाही असे समजू नका. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा, बोट क्लब मुळेच्या काठावर आहे. १९२८ पासून तिथले विद्यार्थी रेगाटा भरवतात. संध्याकाळच्या उजेडात कयाकचे बॅले होते, बाणाच्या आकारात बोटी सरकतात आणि अंधार पडल्यावर मशाली नाचतात. सगळे नियोजन विद्यार्थ्यांचे. जवळपास शंभर वर्षांची ही परंपरा आहे.

पुण्याच्याच दापोडीत लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात रोइंगचे केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ तिथेच घडला. दुष्काळी भाग, लहानपणी विहिरी खोदण्याचे काम, पाण्याचा सराव नाही. २०१२ मध्ये सैन्यात गेल्यावर त्याने पहिल्यांदा वल्हे धरले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकेरी रोइंगमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीतून त्याने सुवर्ण जिंकले. खेळ कयाकहून वेगळा असला, तरी धडा तोच आहे. मुलगा दुष्काळी गावातला होता. त्याला पाणी आणि शिकवणारा माणूस मिळाला, एवढेच पुरले.

आणि बंगळूरु? केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेले हे शहर मुळात तलावांचे. इथे मोठी नदी नाही, म्हणून पूर्वजांनी एकामागोमाग तलाव बांधले आणि ते कालव्यांनी जोडले. शहराच्या मध्यावरच्या अलसूर तलावाला लागूनच मद्रास सॅपर्स या लष्करी तुकडीचे केंद्र आहे. बोटीच्या खेळांसाठी याहून सोयीची जागा कोणत्या महानगराला मिळेल? पण मार्च २०१६ मध्ये याच तलावात हजारो मासे मरून तरंगले. फेब्रुवारी २०१७ मध्ये बेळ्ळंदूर तलावाच्या पाण्यातून धूर निघाला. तळ्याला आग लागल्याची बातमी जगभर गेली. पुण्यातली मुळाही सुटलेली नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर जलपर्णीचा हिरवा गालिचा नदी झाकून टाकतो.

जलपर्णीत सुकाणू अडकते आणि वल्हे रुतते. सांडपाण्यात नवशिक्याची बोट उलटली तर त्वचेपासून पोटापर्यंत आजार होऊ शकतात, आणि नवशिक्याची बोट तर रोजच उलटते. अशा पाण्यात कोणते आईवडील आपले मूल सोडतील? तळे मेले की मासे आणि पक्षी जातात हे आपण शिकलो आहोत. त्यांच्यासोबत एक खेळही जातो, आणि तो गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो तिथे कधी सुरूच झालेला नसतो.

तुमच्या घरातून सुरुवात

तुमच्या मुलाला किंवा नातीला हे वाचून बोटीत बसावेसे वाटले, तर काय कराल? काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा.

पहिले पोहणे, मग बोट. कपड्यांसह पाण्यात पडल्यावर न घाबरता तरंगता आले पाहिजे. आपल्याकडे दर सुट्टीत धरणांवर आणि तळ्यांवर मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. पोहायला शिकणे हा खेळ असो वा नसो, जीव वाचवणारा धडा आहे.

लाइफ जॅकेट अंगाच्या मापाचे हवे. सैल जॅकेट पाण्यात वर सरकते आणि तोंड झाकते. त्याचे पट्टे बांधल्यावर खांद्याजवळ धरून वर ओढून पाहा. ते हलले नाही तर ठीक.

एकट्याने पाण्यावर जाऊ नये, आणि पावसाळ्यात किंवा धरणातून पाणी सोडण्याच्या काळात तर मुळीच नाही. बोट उलटली तर बोटीला धरून राहायचे. ती तरंगते आणि लांबून दिसते.

प्रशिक्षक किंवा जलक्रीडा केंद्र निवडताना तिथे बचावाची वेगळी बोट आहे का, ते आधी विचारा. उत्तर नाही असेल तर दुसरीकडे जा.

सुरुवातीला रुंद, स्थिर बोटच बरी. शर्यतीची निमुळती बोट नंतर. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी पदकाचा विचार करू नये. पाण्याची भीती जाणे आणि तोल येणे, हेच त्या वयाचे पदक.

घरी मोठी माणसे असतील तर त्यांनाही सोबत घ्या. हा खेळ पाहायला त्यांना नक्की आवडेल. पुढच्या वेळी शर्यत लागली की सर्वांनी मिळून तीन गोष्टी पाहा. सुटतानाचे पहिले दहा फटके कोणाचे स्वच्छ पडतात? मधल्या टप्प्यात कोणाची बोट सर्वांत कमी डुलते? आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये थकल्यावरही कोणाचा ताल टिकतो? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या बोटीकडे, बहुतेक वेळा पदकही तिच्याकडेच.

२०२६ ची आशियाई स्पर्धा जपानच्या आयची-नागोयाला आणि २०२८ चे ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला ठरले आहे. तिथे कोण जिंकेल ते खेळाडू ठरवतील. पण त्यानंतरच्या एखाद्या स्पर्धेत कोणत्या गावचे मूल बोटीत असेल, हे आज गावोगावचे पाणी ठरवत आहे. कोल्हापूरचा रंकाळा, नागपूरचा फुटाळा, ठाण्याची तलावपाळी, बंगळूरुचा अलसूर. तुमच्या घराजवळचे तळे कोणते? या रविवारी मुलांना घेऊन तिथे एक फेरी मारा. पाणी कसे दिसते, वास येतो का, त्यात कोणता नाला येऊन मिळतो ते त्यांनाच शोधू द्या. काठावर कचरा टाकू नका आणि टाकणाऱ्याला नम्रपणे थांबवा. वस्तीत तलाव समिती असेल तर तिच्यात नाव नोंदवा, नसेल तर चार शेजारी मिळून सुरू करा.

सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक ठरते हे खरे. पण त्या शर्यतीची तयारी कित्येक वर्षे आधी, कुठल्या तरी स्वच्छ तळ्याच्या काठावर सुरू झालेली असते.